गुरुवारची सुट्टी

"पुस्तकात हाय, आपल्यात न्हाय!" असं म्हणून आबा अंगठा शर्टाला पुसायचे आणि मगच हजेरीच्या मशीनवर टेकवायचे. ग्रीसनं माखलेला अंगठा मशीन ओळखायचं नाही, म्हणून पुसणं रोजचं आणि वाक्यही रोजचं.

बारामती एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत ते फिटर आणि मी गेटवरच्या टाइम ऑफिसात कारकून. सगळे त्यांना आबा म्हणत. ते बावड्याचे, ख्रिस्ती. आम्ही बौद्ध, त्यातून माझा स्वभाव खवट. देवाचं नाव निघालं की माझ्या कपाळाला आठी पडते. आबांच्या बोलण्यात तर दर चार वाक्यांनी शास्त्र, म्हणजे त्यांचं ते पुस्तक बायबल, यायचं. पण एक सांगतो, त्यांच्या तोंडून स्वर्गाबद्दल मी कधी काही ऐकलं नाही. त्यांचं शास्त्र सगळं डेअरीतच असायचं.

एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची, म्हणून आबांची प्रार्थनाही गुरुवारची. मी एकदा डिवचलं, "आबा, तुमच्या देवाचा वार रविवार ना?"

"देवानं सातवा दिवस सांगितला, भाऊसाहेब. कंचा ते एमआयडीसी ठरवती."

मग त्यांनी गेटमधून आत बोट केलं. तिथं आठ बाया सोड्याच्या गरम पाण्यात दुधाचे क्रेट धूत होत्या. "सातव्या दिवशी तू बस, तुझा गडी बसू दे, तुझी मोलकरीण बसू दे, तुझा बैलसुद्धा बसू दे, असं लिवलंय. ह्यांची सुट्टी कुठं हाय?"

नव्हतीच. दूध गुरुवारीही यायचं; गेटवर बसणाऱ्या मला बदली सुट्टी मिळायची, बायांना तीही नाही. बाया ठेकेदाराच्या. तो सकाळी यायचा, आठ डोकी मोजायचा आणि जायचा. एक डोकं कमी भरलं की दुसऱ्या दिवशी त्या जागेवर नवी बाई. त्यामुळे अंगात ताप असला तरी कुणी घरी राहायचं नाही. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं. तुमच्याही ओळखीत असं काहीतरी असेल, जे सगळ्यांना माहीत असतं.

आबांनी काय करावं? एका गुरुवारी ते गेटवर हजर. "मला आत सोडा. आज मावशी घरी हाय, तिच्या जागी मी क्रेट धुतो."

मावशी म्हणजे त्या आठजणींतली सगळ्यात थोरली. मी म्हणालो, "आबा, वेडबिड लागलंय का?"

"आठ डोकी भरल्याशी मतलब!"

मी सोडलं. प्लास्टिकचा एप्रन, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, मिशी मास्कच्या आत. ठेकेदारानं आठ मोजली आणि तो निघून गेला. मी खिडकीशी पोट धरून हसलो.

शुक्रवारी मावशी त्यांच्यासाठी पिशवीभर भेंडी घेऊन आली.

"आराम केला का?" आबांनी विचारलं.

"व्हय की. भावकीतल्या रानात बसून भेंडी तोडली."

"भेंडी बसून तोडत्यात व्हय गं?"

मावशी तोंडाला पदर लावून हसत सुटली. आबा मात्र दिवसभर फुरंगटून होते. पुढच्या बाईला त्यांनी बजावलं, "रानात जायाचं न्हाय. झोपायाचं." ती झोपली. तर सासू घाबरून शेजारणीला घेऊन आली, सुनेला काय झालं म्हणून. झोप पचायलाही सवय लागते, हे मला तेव्हा कळलं.

असे पाच गुरुवार गेले. सहाव्याला डेअरीचे मॅनेजर साहेब अचानक आले आणि त्यांनी क्रेटपाशी मिशी पकडली. आबांना घेऊनच ते गेटवर आले.

"ह्यांना आत कुणी सोडलं?"

आबा माझ्याकडं बघत होते. कोपरापर्यंत ओले हात, बोटांची सालं निघालेली. माझी नोकरी, पोरीची फी, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"मला माहीत नाही, साहेब," मी म्हणालो.

आबांना पंधरा दिवस घरी बसवलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. सोळाव्या दिवशी ते आले, अंगठा पुसला, मशीनवर ठेवला. मी रजिस्टरमधून मान वर काढली नाही. लाज वाटत होती, दुसरं काय!

"भाऊसाहेब, येशूचा एक थोरला शिष्य हुता," ते म्हणाले. "येशूला पकडल्यावर ह्यो म्हणाला, मी त्याला वळखत न्हाय. तीनदा म्हणाला. तुमचं तर एकदाच झालंय. दोन शिल्लक हायती." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत आत गेले.

त्यानंतर गुरुवारी त्यांना गेटबंदी झाली आणि बायांची सुट्टी संपली. निवृत्त होईपर्यंत ते दर महिन्याला बायांच्या सुट्टीचा अर्ज लिहून आणायचे. मी शिक्का मारून वर पाठवायचो. वरून काहीच यायचं नाही.

यंदा एका बुधवारी कामावरून सुटताना मावशी खिडकीशी आली. मागं बाकीच्या सातजणी.

"भाऊसाहेब, आबा गेले. सकाळी बावड्यात माती हाय. आमी समद्या जाणार."

मी पेन खाली ठेवलं.

"आमची जागा जाईल का हो?"

मला कुणाची जागा राखायचा अधिकार नव्हता. कुणाला सुट्टी द्यायचाही नव्हता. मी रजिस्टर उघडलं, आठ नावांपुढं गुरुवारची सुट्टी लिहिली आणि खाली सही केली.

"जा," मी म्हणालो.

गुरुवारी ठेकेदार आला, मोजायला एकही डोकं नव्हतं. दहापर्यंत क्रेटचा ढीग छपराला टेकला, दुधाच्या गाड्या गेटपर्यंत खोळंबल्या. साहेब सुट्टी सोडून धावत आले. तेच साहेब, तेच गेट.

"ह्यांना सुट्टी कुणी दिली?"

आबांच्या हिशेबानं माझे दोन नकार शिल्लक होते. त्यातला एकही मी वापरला नाही.

"मी दिली, साहेब," मी म्हणालो आणि रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं.