केसभर मिस्त्री

मापल्याशिवाय मिस्त्री कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नसत. पोळी किती वाढू, असं विचारलं तरी ताटातली पोळी आधी दोन बोटांत धरून तिची जाडी बघत आणि मग म्हणत, "दीड." एकदा माझ्या सासूबाईंनी देव्हारा भिंतीवर बसवून घेतला आणि कौतुकानं त्यांना दाखवला. मिस्त्रींनी हात जोडले, डोळे मिटले आणि नमस्कार संपवून म्हणाले, "उजवीकडं केसभर झुकलाय." सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र सुतार बोलावून देव्हारा सरळ करून घेतला. भोरात त्यांना खऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. सगळ्यांचे ते केसभर मिस्त्री.

मिस्त्री मूळचे वेल्ह्याकडचे. तरुणपणी मुंबईच्या कारखान्यात हात काळे करून परत आले होते. आमच्या यजमानांची उतारू नेणारी भोर-पुणे सर्व्हिस मोटार होती आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रींचं राज्य होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मोटार ही पेट्रोल पिऊन धूर सोडणारी वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं. चहा द्यायला गेले की मिस्त्री विचारल्याशिवाय शिकवायचे. "ही सळई बगा वैनी, हिला पुशरॉड म्हनायचं. खालनं कॅम हिला वर ढकलतो, वर ही रॉकरला ढकलती आन् रॉकर व्हॉल्व्हला दाबून उघाडतो. घरात कसं, सासू सुनंला बोलती, सून भांड्यावर राग काडती." सासूबाई ओटीवर बसलेल्या असल्या की हे उदाहरण ते जरा मोठ्यानं द्यायचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मोटारींचे सुटे भाग मिळेनासे झाले. त्यातच आमच्या इंजिनाचं हेड, म्हणजे त्याचा वरचा लोखंडी माथा, तापून वाकलं. यजमानांनी ते पुण्याला नेऊन घासून सपाट करून आणलं आणि येताना जुन्या बाजारातून बारा पुशरॉडही आणले. जुने वाकले होतेच. आठ दिवसांवर भोरातल्या एका वकिलांच्या मुलीचं पुण्यात लग्न होतं आणि वऱ्हाड आमच्या मोटारीतून जायचं होतं.

"तसेच बसवा आणि मोटार चालू करा," यजमान म्हणाले.

"मालक, डोकं घासलं म्हंजी गडी बुटका झाला. धोतर त्येच नेसवलं तर पायात येनार." मिस्त्रींनी एक पुशरॉड उचलून जुन्याशेजारी धरला. "ह्ये तर त्याहून लांब. व्हॉल्व्ह मिटनारच न्हाईत. घाटात वऱ्हाडाला मोटार ढकलावी लागंल."

यजमान कपाळाला हात लावून निघून गेले आणि मिस्त्री कामाला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे कणीक मागितली. भाकरीचं पीठ चालणार नव्हतं, गव्हाचीच हवी होती. गहू तेव्हा रेशनचा. सासूबाई म्हणाल्या, "त्या लोखंडाला आता नैवेद्य दाखवायचाय का?" मिस्त्रींनी कणकेचे गोळे पिस्टनच्या माथ्यावर ठेवले, हेड बसवलं, हँडलनं इंजिन सावकाश फिरवलं आणि पुन्हा सगळं उघडलं. व्हॉल्व्हनं दाबलेली कणीक सुरीनं मधोमध कापून तिची जाडी मोजली. "न्हाई टेकत पिस्टनला," म्हणाले, आणि त्या दिवशी जेवताना प्रथमच दोन पोळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी काजळ मागितलं. एक जुना पुशरॉड सरळ करून त्यांनी मधोमध कापला होता आणि दोन्ही तुकडे आट्यांनी असे जोडले होते, की पिळला तर लांबी वाढे, उलटा पिळला तर कमी होई. हा मापाचा पुशरॉड एकेका व्हॉल्व्हला लावून पाहायचा. व्हॉल्व्हच्या दांड्याला काजळ फासायचं आणि इंजिन हातानं फिरवायचं. दांडा जितका खाली सरकेल तितकं काजळ पुसलं जाई. बाराही ठिकाणी पुसलेली रेघ सारखी आली पाहिजे. मग त्या लांबीबरहुकूम नवा पुशरॉड कापायचा. जास्त कापला गेला तर संपलंच, तेरावा नव्हता.

आठ पुशरॉड झाले. नवव्याला मी चहा घेऊन उभी होते. मिस्त्री रेघेवरून नख फिरवत म्हणाले, "बराबर," आणि त्यांनी करवत उचलली.

"मिस्त्री, ही रेघ बाकीच्यांपेक्षा आखूड दिसतेय."

"वैनी, वीस वरसं मापतोय मी."

"तरी आखूड आहे."

त्यांनी मापाचा पुशरॉड काढून हातात घेतला. आटे सैल होऊन तो आपोआप फिरला होता आणि लांबी कमी झाली होती. मिस्त्रींनी करवत खाली ठेवली. मग शेडच्या दाराकडे पाहून हळूच म्हणाले, "सालभर झालं, धुकं पडल्यागत दिसतंय. नखानं भागवत हुतो. मालकांना बोलू नका."

मी चहाचा पेला बाजूला ठेवला आणि पदर खोचला. उरलेली मापं मी पाहिली, मिस्त्रींनी कापली. मी "सारखी" म्हटलं, की ते दुसऱ्यांदा विचारत नसत. ज्या माणसानं देवाचा देव्हारासुद्धा तपासून घेतला, तो माझ्या शब्दावर करवत चालवत होता. त्या तीन दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही.

वऱ्हाड निघालं. कात्रजच्या घाटात खाली उतरून चालायचं आणि वाटेत करवंदं तोडायची, म्हणून वकिलांचे पुतणे तयारीत बसले होते. मोटार एका दमात वर गेली. पुतण्यांना करवंदं काही मिळाली नाहीत. लग्नाहून परतल्यावर वकील आमच्या ओटीवर येऊन मिस्त्रींची तारीफ करू लागले. मिस्त्रींनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "हात माजा, नजर वैनींची. मला आता दिसत न्हाई." सासूबाई आत जाता जाता म्हणाल्या, "तरीच तीन दिवस आमटी अळणी."

त्याच आठवड्यात मिस्त्री गावी गेले. यजमानांनी खूप अडवलं, पण शेडमध्ये नुसतं बसून राहणं त्यांना पटणारं नव्हतं. पुढे आलेल्या मेकॅनिकला माप मला दाखवल्याशिवाय काही कापायला यजमान परवानगी देत नसत. त्याला ते आवडायचं नाही, पण मोटार चालायची.

दोन उन्हाळ्यांनी आम्ही नसरापूरवरून कच्च्या रस्त्यानं मिस्त्रींना भेटायला गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते. दृष्टी पार गेली होती. त्यांची लेक पाणी घेऊन आली आणि हसत म्हणाली, "तुमची मोटार वढ्यात हुती तवाच आबा म्हनले, वैनी आल्या. आन् तिसरा व्हॉल्व्ह सैल झालाय."

यजमान म्हणाले, "कालच तपासलाय."

मी इंजिनावरचं झाकण काढलं. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या रॉकरचा स्क्रू खरोखरच सैल होता. इंजिन चालू ठेवून मी पाना लावला. मिस्त्री मान तिरपी करून ऐकत होते. मी थोडा फिरवला, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आणखी थोडा फिरवला, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या. आता ब्येस बोलतीय," म्हणाले, आणि आम्हाला जेवायला बसवलं.