धुळ्याच्या दवाखान्यातली उघडी लाइन

आमची कंपनी म्हणजे जळगावात, पिंप्राळ्यात एका मेडिकलच्या वरचा मजला. पाच कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि मालक. मालकांना आम्ही सर म्हणतो. तिथली सगळ्यात जुनी प्रोग्रामर मी, आणि बाहेरगावी जाऊन सिस्टिम बसवायचं कामही माझ्याकडेच, कारण बाकीच्यांना एसटीत मळमळतं म्हणे.

धुळ्याच्या एका खासगी दवाखान्याचं काम आलं. बाहेर बाकांवर गर्दी, आणि कुणाचा नंबर आला हे शिपाई दारात उभा राहून ओरडायचा. त्यांना हवं होतं ते असं: डॉक्टरांनी आत बटण दाबलं की बाहेरच्या टीव्हीवर पुढचा नंबर उमटावा, आणि काउंटरवरच्या सिस्टरला स्क्रीनवर पेशंटचं नाव, विभाग आणि येण्याचं कारण दिसावं. त्यासाठी मी वेबसॉकेट वापरलं. साध्या वेबसाइटला दर वेळी विचारावं लागतं, मग सर्व्हर उत्तर देतो. वेबसॉकेटची जोडणी एकदा झाली की दिवसभर टिकते आणि सर्व्हर आपणहून बोलतो. ही जोडणी दोन तऱ्हांनी करता येते. एकीत मजकूर कुलूपबंद जातो, दुसरीत उघडा. उघडा म्हणजे त्याच नेटवर्कवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या कुणालाही वाचता येईल असा. पत्ता लिहिताना फरक फक्त एका अक्षराचा. कुलूपबंदला डब्ल्यूएसएस, उघड्याला डब्ल्यूएस.

मी अर्थातच कुलूपबंद जोडणी केली होती.

काउंटरवर जी सिस्टर होती तिच्याशी माझं पहिल्याच दिवशी जमलं. नरडाण्याजवळच्या एका खेड्यातली मुलगी, पंचविशीतली. पेशंटशी नीट पुस्तकी मराठी बोलायची आणि माझ्याशी डबा उघडला की अहिराणी. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्यापुढे सरकवून म्हणायची, "खा ना अक्का, लाजस कसाले?" तिसऱ्या दिवशी जेवता जेवता तिनं आवाज खाली घेतला. ती स्वतःही याच दवाखान्याची पेशंट होती. लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्यांनी आता पूर्ण बंद होत्या, चार वर्षांत एकही नाही. साखरपुडा झाला होता. मुलाला अजून सांगितलं नव्हतं.

"लग्नाआधी मीच सांगणार आहे त्याला. समोर बसून, नीट. कुणाकडून कळायला नको," ती म्हणाली. मग माझ्या स्क्रीनकडे बघून विचारलं, "अक्का, मनं नाव त्यामा दिसस का?"

मी म्हणाले, "टीव्हीवर फक्त नंबर दिसतो. तुझं नाव बाहेर कुणालाच दिसणार नाही."

सांगितलं तेव्हा ते बरंचसं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि आली. टीव्ही काळाच राहिला. टीव्हीला सर्व्हरशी जोडणारा मागचा छोटा डबा स्वस्तातला होता. लाइट गेली की त्याची तारीख कित्येक वर्षं मागे जायची. कुलूपबंद जोडणीला सर्टिफिकेट लागतं आणि त्यावर मुदत असते. डब्याच्या हिशेबानं आमचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलं नव्हतं, म्हणून तो जोडणी नाकारत होता. बाहेर बाकांवरची माणसं उठून दाराशी गोळा झाली. मी सरांना फोन लावला.

"चांगला डबा मागवू या सर. चार-सहा दिवसांत येईल."

"चार-सहा दिवस टीव्ही बंद? तो एक एस काढून टाक. चालू तर होऊ दे."

"मग सगळं उघडं जाईल."

"दवाखान्याच्या आतलं नेटवर्क आहे ते. धुळ्यात कोण बसलंय तुझी पॅकेटं वाचायला?"

मी तो एस काढला. टीव्ही लागला. माणसं परत बाकांवर बसली. पाचची गाडी मला मिळाली.

इथं सगळा दोष सरांवर टाकून मोकळं होता आलं असतं, पण तसं नाही. काउंटरला लागणारा मजकूर आणि टीव्हीला लागणारा मजकूर मी वेगळा केलाच नव्हता. दोघांनाही एकच पूर्ण नोंद जात होती, नाव, विभाग, कारण सगळं. टीव्ही त्यातला नंबर तेवढा उचलून दाखवायचा. कोण जोडलं जातंय हेही सर्व्हर विचारत नव्हता. पुढच्या खेपेला करू म्हणून मी ते ठेवलं होतं, आणि पुढची खेप मी काढली नाही.

तीन-चार महिन्यांनी, भर दुपारी, तिचा फोन आला. "अक्का, बठ्ठासले माहीत पडी गयं." सगळ्यांना कळलं होतं. आणि लगेच, काउंटरवर बोलावं तशा स्वच्छ मराठीत, "टीव्हीवर फक्त नंबर दिसतो म्हणाला होतात ना तुम्ही?"

तोवर ती मला कधी अहो-जाहो बोलली नव्हती.

झालं होतं ते इतकंच. दवाखान्यात सीसीटीव्ही बसवणारा माणूस बंद पडलेला एक कॅमेरा शोधत नेटवर्क तपासत होता. लॅपटॉपवर आमच्या नोंदी एकामागून एक उतरताना त्याला दिसल्या. त्या दिवशी तिची स्वतःची तपासणी होती, त्यामुळे त्यात तिचं नाव होतं, पुढे मेंदूविकार विभाग, त्यापुढे फिट. तो माणूस नवऱ्या मुलाचा मावसभाऊ. आठवड्यात साखरपुडा मोडला.

मी धुळ्याला गेले. तो माणूस शिडीवर चढून वायर ओढत होता. मी कोण ते सांगितल्यावर खाली उतरला, अजिबात न ओशाळता.

"मॅडम, मी काही हॅक नाही केलं. तुमचंच उघडं वाहत होतं सगळं. डोळे मिटून काम करू का?"

"पण ते घरी जाऊन सांगायची काय गरज होती?"

"घरातलं लग्न होतं. तुम्ही नसतं सांगितलं?"

मी काउंटरमागे बसले आणि दुरुस्ती केली. नवा डबा, तारीख आपोआप जुळवायची सोय, कुलूपबंद जोडणी, प्रत्येक स्क्रीनला वेगळी ओळख, टीव्हीला फक्त नंबर. चहा निवायच्या आत नाही, पण संध्याकाळच्या आत सगळं झालं. एका दुपारचं काम होतं ते.

दवाखान्याच्या मॅनेजरांनी माहिती बाहेर कशी गेली याचा लेखी अहवाल मागितला. सरांनी तो मला तोंडी सांगितला आणि मी टाइप केला. "तपासणीत सिस्टिममध्ये कोणतीही त्रुटी आढळली नाही. सदर माहिती कर्मचाऱ्यांच्या आपसातील बोलण्यातून बाहेर गेली असण्याची शक्यता आहे." खाली सही माझी. सही न करण्याची कारणं त्या दिवशी मला सुचली नाहीत. आता रोज सुचतात.

त्या अहवालानंतर दवाखान्यात सगळे म्हणायला लागले की सिस्टरनंच कुणाला तरी सांगितलं असणार. पेशंटसमोर फिट आली तर काय, असं म्हणून तिला काउंटरवरून उठवून मागच्या जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. महिनाभरात तिनं राजीनामा दिला.

मी तिच्या गावी गेले ते माफी मागायला. नरडाण्याला उतरून रिक्षा केली. तिच्या आईनं पाणी दिलं आणि आत निघून गेली. ती ओट्यावर शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. एस काढल्याचं, एकच नोंद दोघांना पाठवल्याचं, अहवालाचं. ती शेंगा फोडत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "म्हणजे मी कुणाला सांगितलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"हे लिहून द्याल? तेवढ्यानं लग्न जुळायचं नाही. पण दवाखान्यात तरी कळेल."

मी म्हणाले, "सरांशी बोलून बघते."

ती हसली. शेंगांचं सूप उचललं आणि उठली. "बोला," म्हणाली, आणि दार न लावताच आत गेली.

सरांशी मी बोलले नाही. ती आता सुरतेला एका दवाखान्यात आहे, असं काउंटरवरच्या नव्या सिस्टरनं सांगितलं. तिथं आजाराबद्दल विचारलं तेव्हा तिनं सरळ "काही नाही" असं सांगितलं म्हणे. ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं बोलायची वेळ तिच्यावर आणून, वर ते तिला जमलं म्हणून बरं वाटून घेणारी बाई कशी असेल, याचा विचार मी फार वेळ केला नाही. धुळ्याचं काम आमच्याकडेच आहे. देखभालीला दर महिन्याला मीच जाते.