नव्या पिस्टनवर पोखर्णीपर्यंत

मंडळी, आज बाबांच्या जुन्या मोटारसायकलवर पोखर्णीला जाऊन आले. तिचं इंजिन आम्ही दोघांनी घरीच खोललं होतं. नवा पिस्टन मी बसवला होता. पहिल्याच फेरीत गाडी ताणली तर तो जाम होतो, म्हणून मी ताशी तीसच्या पुढे जायला धजत नव्हते.

एक ट्रॅक्टरवाला आम्हाला मागे टाकत ओरडला, "ताई, ढकलू का?"

मागे बसलेले बाबा म्हणाले, "जाऊ दे त्याला. आत पिस्टन आपली जागा करायलाय."

पोखर्णीच्या देवळात मी नरसिंहापुढे इंजिनसाठी हात जोडले. परतताना इंजिनची खडखड हळूहळू विरली, हँडलची थरथर थांबली. मी काहीच केलं नव्हतं. लोखंड आपणहून रुळत होतं.

घरी आल्यावर मी इंजिनलाच हात जोडले. तुम्ही कधी स्वतःच्या हातच्या कामाला हात जोडलेत?