आपांचा अर्धा गालिचा

अकनबात आपा पहिल्यांदा आमच्या कार्डिफच्या घरी आल्या, तेव्हा बसायच्या आधी खाली वाकल्या आणि हॉलमधल्या गालिच्याचा कोपरा उलटा करून पाहिला. "मशीन," एवढंच म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

"अगं, यांना सांग ना, जेन्युइन बुखारा आहे. शोरूमने सर्टिफिकेट दिलंय," माझा नवरा मिलिंद मला म्हणाला. बुखारा शब्द ऐकताच आपा भडकल्या. पेशावरच्या निर्वासित छावणीत शिकलेल्या उर्दूत त्यांनी त्याला झाडलं, "बुखारा तो बाजार था! बेचनेवालों की जगह! बुननेवाली का नाम कहाँ है?"

आपा उत्तर अफगाणिस्तानातल्या तुर्कमेन. लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात मी शनिवारी शिकवायला जायचे, तिथे त्या भेटल्या. इंग्रजी त्या फारशा शिकल्या नाहीत, मला मात्र शिकवून गेल्या. प्रत्येक टोळीची गालिच्यावरची नक्षी वेगळी असते, ती मुलीला आईच्या हाताकडे बघूनच येते, कागदावर कुणी काढून देत नाही. गालिचा हाताने विणलेला की मशीनवरचा, ते मागच्या बाजूच्या गाठींवरूनच कळतं, म्हणून गालिचा दाखवला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "पहले पीठ दिखाओ." दुकानांत नव्या गालिच्यांना औषधाने धुऊन जुनं करतात हे कळलं, तेव्हा त्या दिवसभर धुमसत होत्या.

त्यांच्याकडे एकच गालिचा होता, तोही अर्धा. आईने मागावर घातलेला. गाव सोडावं लागलं तेव्हा आईने तो मागावरून कापला, पण पुढचे उभे धागे हातभर लांब ठेवले. त्यांना नवे धागे जोडून उरलेला भाग विणता यावा म्हणून. आई छावणीतच वारली. तो पुरा करायचा, हा आपांचा ध्यास होता. कौन्सिलने त्यांना दिलेल्या फ्लॅटला बुरशी आली, म्हणून नवी जागा मिळेपर्यंत त्यांनी तो माझ्याकडे ठेवला. "बस, रख लो," म्हणाल्या.

मी तो नुसता ठेवला असता तर काय बिघडलं असतं! पण मी डॉक्टर, स्वच्छतेची मोठी कैवारी. त्याला धुराचा आणि मेंढरांचा वास येत होता. आपांना सरप्राइज द्यावं म्हणून मी तो क्लिनिंगला टाकला. परत आला तेव्हा उभे धागे मुळाशी छाटलेले, कडेला मशीनने पट्टी शिवलेली. मी दुकानात जाऊन तोंडाला येईल ते बोलले. "बट इट्स सो मच टायडियर नाऊ," तो माणूस म्हणाला. धागे कचऱ्यात गेले होते. आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

आपा आल्या. साऱ्या जगावर ओरडणारी ही बाई नुसती पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मला ते सहन होईना. मी दुकानदाराला शिव्या घालू लागले. कोर्टात खेचते म्हणाले, तो अडाणी आहे म्हणाले.

आपांनी गालिच्याची गुंडाळी केली, उचलून खांद्यावर घेतली. दारात वळून म्हणाल्या,

"वो तो मुझे जानता नहीं था, डॉक्टर. तूने मुझसे पूछा था?"

त्यानंतर त्या वर्गाला आल्या नाहीत.