इंजिन बंद झाल्यावरचा पंखा

गायकवाड सरांवर मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी त्यांचा नातेवाईक नाही आणि लेखकही नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. आजवर लिहिले ते अर्ज. पण सरांची एक गोष्ट मी दीड वर्ष लपवली. कॉलेजच्या ऑफिसात ती आता लिहून दिली आहे, उशिरा... तरी त्यांना ओळखणाऱ्यांनाही ती कळावी, असं वाटतं.

सर नोएडातल्या आमच्या कॉलेजात ऑटोमोबाइल लॅब सांभाळत. जन्म दिल्लीचा, शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेत, घर मयूर विहारला. पहिल्याच हजेरीला माझं आडनाव वाचून थांबले. "मराठी? अच्छा! मग रोज दोन मिनिटं माझ्याशी मराठीत बोलून जायचं. घरी मुलगीसुद्धा हिंदीत उत्तर देते, यार." दिवसभरात माझ्याशी माझ्या भाषेत कोणी बोलायचं ते तेवढंच. हॉस्टेलच्या मेसमध्ये मी मुद्दाम शेवटी जात असे, म्हणजे शेजारी कोणी नसे. नाताळात सरांनी डब्यातून करंज्या आणल्या, त्या मी खोलीत दार लावून चार दिवस पुरवून खाल्ल्या.

ती गोष्ट घडली त्या दिवशी सर लॅबमधल्या जुन्या कारवर पंखा शिकवत होते. "गाडी पळते तेव्हा रेडिएटरला समोरून फुकट हवा मिळते. रेड लाइटला उभी राहिली की कोण देणार? तिथे हा पंखा." तास संपला, इंजिन बंद झालं, मुलं गेली. माझा पाना पंख्याच्या जाळीत पडला होता, तो काढायला मी हात घातला. माझे वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. त्या ट्रॅक्टरचा पंखा पट्ट्यावर फिरतो, इंजिन थांबलं की तोही थांबतो. मला तेवढाच पंखा माहीत होता. कारचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी तापलेलं असेल तर इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो, हे सरांनी तासाभरापूर्वीच सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

पंखा अचानक सुरू झाला आणि सरांनी माझा हात ओढला. पातं त्यांच्या बोटावर बसलं. रुमाल गुंडाळत ते म्हणाले, "तू इथे नव्हतास. चलो, हॉस्टेलवर जा."

"सर, पण चूक माझी..."

"तुझं पहिलं वर्ष, माझं नोकरीतलं शेवटून तिसरं. माझं कोण काय बिघडवणार?"

बिघडवलं. रिपोर्टमध्ये सरांनी स्वतःचा निष्काळजीपणा लिहिला आणि त्यांना लॅबमधून काढून स्टोअररूममध्ये बसवलं. बोटाचं टोक गेलं ते गेलंच. खरं सांगितलं तर माझी शिष्यवृत्ती जाईल, या भीतीनं मी गप्प राहिलो. मग स्टोअरवरून जाणंही टाळू लागलो. एकदा खिडकीतून त्यांनीच हाक मारली, "काय रे, मराठी संपलं का तुझं?" मी म्हणालो, "प्रॅक्टिकल आहे, सर." प्रॅक्टिकल नव्हतं. ते एकटेच नटबोल्ट वेगळे करत बसले होते...

या उन्हाळ्यात गावी गेलो आणि एका दुपारी सरांना मोठा मेसेज लिहिला. सगळं लिहिलं, शेवटी विचारलं, "कॉलेज उघडलं की ऑफिसात खरं लिहून देतो. मग तुम्हाला परत लॅब मिळेल. चालेल ना?" मेसेजखाली एकच टिक आली. सरांनी रागावून मला ब्लॉक केलं असेल, असं वाटून मी फोन केला नाही. बारा दिवस फक्त ती टिक बघत राहिलो.

तेराव्या दिवशी सरांच्या नंबरवरून फोन आला. आवाज बाईचा होता, मराठी जरा अडखळत बोलणारा.

"मी रीना, गायकवाड सरांची मुलगी. फोन आज चार्ज केला, तुझा मेसेज वाचला. पप्पांनी आम्हाला सांगितलं होतं की घरचा कूलर साफ करताना बोट कापलं."

मी म्हणालो, "ताई, सरांना देता का फोन? मला त्यांच्याशीच बोलायचंय."



"तुला कॉलेजमधून कोणी सांगितलं नाही?" तिनं विचारलं. "पप्पांना जाऊन वीस दिवस झाले रे."