वालाच्या शेताचं फाटक

डोंबिवलीत कुणी विचारलं, तू काय करतेस, तर मी 'सीमेवर असते' एवढंच सांगते. पुढचं चित्र समोरचा स्वतःच रंगवतो. बंदूक, काटेरी तार, बर्फ. माझ्या वाट्याला अजून बर्फ आलेला नाही. मी पूर्वेकडच्या सीमेवर असते. तिथे भात आणि ताग पिकतो, आणि चिखल इतका की बुटांचा मूळ रंग सुट्टीत घरी आल्यावरच आठवतो. कुंपणाचा एक पट्टा माझ्याकडे आहे. कुठल्या वळणावर जवान बसवायचे, गस्त कुठून फिरवायची, धुकं उतरलं की कुठली जागा दिसेनाशी होते, हे ठरवणं माझं काम.

आणि फाटकं उघडणं. हे कुणाच्याच चित्रात नसतं.

कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेवर नाही. ते रेषेच्या अलीकडे, आपल्याच हद्दीत घातलेलं आहे. त्यामुळे कुंपण आणि रेषा यांच्यामध्ये आपल्याच गावकऱ्यांची शेतं अडकलीत. घर अलीकडे, शेत पलीकडे. म्हणून कुंपणात ठरावीक अंतरावर फाटकं आहेत. सकाळी ती उघडतात. शेतकरी ओळखपत्र आमच्याकडे ठेवतो, बैल आणि नांगर घेऊन आत जातो, संध्याकाळी परत येऊन कार्ड घेऊन जातो. एकदा एका म्हाताऱ्याची गाय पलीकडेच व्यायला बसली आणि फाटक बंद करायची वेळ झाली. मी फाटक उघडं ठेवून चार जवानांसह तिथे उभी राहिले. वासरू पायावर उभं राहिलं तेव्हा अंधारून आलं होतं. वरच्यांनी उशिराचं कारण विचारलं, मी 'वासरू' असं कळवलं. त्यावर पुढे काही विचारणा झाली नाही.

ज्याने ही फाटकं नकाशावर आखली त्याला शेतकऱ्याचा फार कळवळा असेल असं मी म्हणत नाही. पण शेताला कुलूप लावता येत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात मी सुट्टीवर आलेले. आमचं घर मानपाड्याच्या पुढे, एका नव्या संकुलात आहे. बाबा तिथल्याच औद्योगिक वसाहतीत फिटर होते. कारखाना कायमचा बंद झाला तेव्हा जे हाती आलं त्यातून त्यांनी हा फ्लॅट घेतला. संकुल उभं आहे ती जमीन समोरच्या जुन्या आगरी गावाची भातखाचरं होती. सगळ्यांनी विकली. एका बाईने विकली नाही. तिचा तिकोनी तुकडा संकुलाच्या मागे राहिला. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला बिल्डरने पत्रे ठोकून अडवलेली जागा, आणि तिसऱ्या बाजूला आमची भिंत. पूर्वी गावातून शेताकडे जाणारा बांध होता, तो आता आमच्या पार्किंगखाली आहे. म्हणून भिंतीत एक छोटं लोखंडी फाटक ठेवलेलं. ती रोज सकाळी टोपली घेऊन पुढच्या दारातून यायची, पार्किंगमधून चालत मागच्या फाटकाने शेतात जायची.

तिला सगळे मावशी म्हणायचे. भात कापून झालं की ती वाल पेरायची आणि विहिरीच्या कडेने मेथी, मुळा, पालक करायची. वाल जमिनीतल्या ओलीवर येतो, मेथीला मात्र रोज पाणी लागतं. उरलेली भाजी ती आमच्या जिन्यात विकायची. आई तिच्याशी जुडीवरून भांडायची आणि दुसऱ्याकडून कधी घ्यायची नाही.

त्या महिन्यात पार्किंगमधून दोन मोटारसायकली चोरीला गेल्या. सोसायटीने ठरवलं, मागचं फाटक बंद करायचं. सोसायटीचे सेक्रेटरी माझे बाबा होते.

"अगं, तू आहेस तर एकदा बघून दे ना," बाबा म्हणाले. "तुझं तर कामच ते आहे. लोक म्हणतायत, मॅडम आल्यात, त्यांच्याकडूनच प्लॅन करून घ्या."

मी बघितलं. कामाची सवय आहे, म्हणून पूर्ण भिंतीला फेरी मारली. मागच्या फाटकापलीकडे नाल्याची एक शाखा आहे, तिच्यावर माणसाच्या पावलाएवढी रुंद फळी टाकलेली आहे. तिच्यावरून मोटारसायकल न्यायची तर चोराने ती डोक्यावर घ्यायला हवी. पुढच्या दाराशी मात्र वॉचमन पार्सलवाल्या पोरांना कंटाळून आडवा दांडा दिवसभर वरच ठेवत होता.

रविवारी सकाळी कमिटी बसली. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते मला बघून उभे राहिले, तशी मीही उभी राहिले, आणि मग दोघंही खाली बसलो.

"मॅडम, तुम्ही देशाची बॉर्डर सांभाळता," अध्यक्ष म्हणाले, "आमचं एक फाटक म्हणजे तुम्हाला किस झाड की पत्ती!"

खजिनदार बाईंनी विचारलं, "तिकडे दिसेल त्याला डायरेक्ट गोळी घालता ना हो?"

"दिसेल त्याला आधी नाव विचारतो," मी म्हटलं. "बहुतेकांना आम्ही नावानेच ओळखतो."

त्यांची निराशा झाली. मी फळीचं सांगितलं, दांड्याचं सांगितलं. मोटारसायकली पुढून गेल्या, मागून नाही. मग मी आमच्या फाटकांचं सांगितलं. देशाच्या कुंपणातसुद्धा शेतकऱ्यासाठी दार ठेवतात, तर इथे ते बंद करणं शोभत नाही, असं मला म्हणायचं होतं. उदाहरण नीट पोहोचावं म्हणून मी सगळी पद्धत सांगितली. वेळा, ओळखपत्र, कार्ड जमा करणं.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "हे फर्स्ट क्लास आहे. सेक्रेटरी, लिहून घ्या. फाटक बंद नाही. टायमिंग ठेवू, बाकी वेळ कुलूप. आणि मावशींना कार्ड देऊ, फोटोवालं."

"मी कार्डासाठी नव्हतं सांगितलं," मी म्हटलं.

"पण सिस्टीम तुमचीच ना? बॉर्डरवर चालते, मग इथे का नको?"

बाबा लिहून घेत होते. त्यांना माझा अभिमान वाटत होता, तो त्यांच्या मानेवरून दिसत होता. फाटक उघडं राहतंय, हे पुरेसं आहे असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं आणि किल्ली वॉचमनकडे गेली. तिसऱ्या दिवशी मावशीचं कार्ड तयार होतं, गळ्यात घालायच्या निळ्या पट्टीसकट. फोटो कुणीतरी तिच्या नकळत जिन्यात काढलेला. वॉचमनने ते पुढे केलं. मावशीने त्याच्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, टोपली काखेत मारली आणि आल्या वाटेने परत गेली. त्यानंतरच्या दिवशी आलीच नाही. आमच्या चौथ्या मजल्यावरून तिचं शेत दिसतं. त्या दिवशी दुपारी मेथीचे वाफे वरून फिके दिसायला लागले.

आई म्हणाली, "बिल्डरचा माणूस तिच्या दारात येऊन बसतो म्हणे. एक हंगाम जमीन पडली की मुलगा सही करून टाकेल. म्हातारी आहे म्हणून अडलंय सगळं."

मी समोरच्या गावात तिच्या घरी गेले. बंगला दुमजली, मुलाने बांधलेला, अंगणात मोठी गाडी. म्हातारी ओटीवर वाल सोलत बसलेली. तिने मला बसायला सांगितलं नाही, पण सोलायला मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. मी खाली बसले.

"मावशी, कार्ड नुसतं दाखवायचं आहे. ठेवून घेणार नाहीत. मेथी सुकतेय."

"मना दिसतंय ना. मी आंधली नाय."

"मग?"

"अगो पोरी, माजे जमनीत जावाला मीच कारड दाखवू? तुमी आलाव कवा? काल. तुमचे गारीखाली माजे सासऱ्याचा बांध हाय. कारड तुमी दाखवा मना."

मी तिला सीमेवरचं सांगितलं. तिथेही लोक दाखवतात, चांगले जमीनदार दाखवतात, त्यात कमीपणा नाही. ती शेंगा सोलत ऐकत होती. मधूनच तिने विचारलं, "पलीकरं कं हाय?"

"दुसरा देश."

"हां. तिकरं दुसरा मुलूख हाय." तिने दाण्यांची परात माझ्याकडे ढकलली. "आन माजे वालान दुसरा मुलूख कनचा हाय गो? दाखव मना."

मी शेंगा सोलत राहिले. तिने मग माझं लग्न का होत नाही याची चौकशी केली, आणि बंदूकवाली बायको कुणाला झेपणार, असं स्वतःच उत्तर देऊन मनापासून हसली. निघताना तिने वालाचे दाणे बांधून दिले. "आयसला दे. तुजे बापासला देव नको."

घरी बाबा पेपर वाचत होते. मी त्यांच्याशी भांडणार नव्हते. आमच्या घरात भांडणं कमी आणि मुद्दे जास्त असतात.

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. बाबांच्या कारखान्याच्या मालकाने टाळं लावलं तेव्हा मी पहिलीत होते. युनियनची पत्रकं नौपाड्यातल्या एका छापखान्यात छापली जायची. बाबा मला बरोबर न्यायचे, कारण आई तेव्हा दुसऱ्यांकडे पोळ्या करायला जायची आणि घरी कुणी नसायचं. गुलाबी कागद, ओली शाई. उरलेल्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, आणि पाढे संपले की पुढची बाजू वाचली. 'द्वारसभा' हा शब्द मला 'द्वारका'च्या आधी वाचता येत होता. मजकूर बाबांचा असायचा. आजही मी काही लिहिलं की ते दोन वाक्यांत तापतं, ते तिथून आलेलं आहे. नोकरीने मला थंड लिहायला शिकवलं, एवढंच.

टाळेबंदी लांबली तेव्हा मालक म्हणाला होता, दार उघडतो, पण प्रत्येकाने दाराशी हमीपत्रावर सही करायची. नीट वागेन, असं लिहून द्यायचं आणि आत यायचं. नुसती सही. पुष्कळांनी केली. बाबांनी केली नाही. त्या महिन्यांत आमच्याकडे दोन्ही वेळा पेज असायची.

"बाबा," मी म्हटलं, "हमीपत्राच्या वेळचं पत्रक मला अजून पाठ आहे."

त्यांनी पेपर खाली केला.

"'हे दार आमच्या घामाने उघडं राहिलं आहे,'" मी म्हटलं. आवाज चढवला नाही. "'या दारातून आम्ही रोज मान वर करून आत गेलो. आज त्याच दाराशी आमच्याकडे चांगुलपणाचा दाखला मागणाऱ्याने आधी आपला दाखवावा.'"

आईने स्वयंपाकघरातून सांगितलं, "आणि खाली तुमचं नाव होतं. मोठ्या टायपात."

"ते वेगळं होतं," बाबा म्हणाले. "तो मालक होता."

"इथे मालक कोण आहे?"

बाबा उठून खिडकीशी गेले. तिथून वाफे दिसत होते. तिकडेच बघत म्हणाले, "ठराव झालाय गं. मी सेक्रेटरी आहे. मलाच मोडता येत नाही."

मी ताटं घेतली. आम्ही वालाचं बिरडं खाल्लं. वाल कुठून आले ते आईने सांगितलं नाही, बाबांनी विचारलं नाही. त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

सकाळी मला ठोकण्याच्या आवाजाने जाग आली. खाली पाहिलं तर बाबा मागच्या फाटकाशी उकिडवे बसलेले, शेजारी त्यांची जुनी हत्यारांची पिशवी. वॉचमन लांब उभा राहून "साहब, साहब" करत होता. कुलपाला त्यांनी हात लावला नाही. कुलूप ज्यात अडकतं तो कोयंडा त्यांनी बोल्ट काढून भिंतीपासून वेगळा केला. फिटरला त्याला फार वेळ लागत नाही. मग बिजागऱ्यांना तेल घातलं, फाटक दोनदा उघडमीट करून पाहिलं, आणि कुलूप लटकत असलेला कोयंडा घेऊन अध्यक्षांच्या दाराची बेल वाजवली. मी जिन्यातून ऐकलं.

"ठरावात कुलूप लावायचं ठरलंय. कुलूप लावलेलंच आहे, बघा. मी मोडलं नाही," बाबा म्हणाले. "फक्त ते आता भिंतीला नाही. सोसायटीची मालमत्ता आहे, जमा करून घ्या. आणि हा माझा राजीनामा."

"अहो, पण सेक्युरिटी?"

"पुढचा दांडा खाली ठेवा."

मग ते समोरच्या गावात गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मावशी टोपली घेऊन आली तेव्हा ते तिच्या दहा पावलं मागे चालत होते. ती पार्किंगमधून गेली, फाटक ढकललं, फळीवरून पलीकडे गेली. वळून म्हणाली, "तीन वाफं मेलं. तुजे नावावर धरलंय मी." बाबांनी मान डोलावली. दुपारी ते तिच्या विहिरीवर रहाट दुरुस्त करताना दिसले.

कमिटीने नवा कोयंडा बसवायचा ठराव अजून केलेला नाही. आई फोनवर सांगते, विषय प्रत्येक बैठकीत निघतो आणि बाबा प्रत्येक बैठकीला जाऊन बसतात, आता मागच्या रांगेत. मावशीने जमीन विकलेली नाही. ती बाबांना अजून भाजी फुकट देत नाही.

मी सुट्टी संपवून परत आले तेव्हा इथे भातकापणी उरकली होती. पहिल्या सकाळी मी फाटकावर होते. गायवाला म्हातारा आला, वासरू आता दोरीला होतं. त्याने सवयीने कार्ड पुढे केलं, मी ते घेतलं, डब्यात ठेवलं. त्याने विचारलं, घरी सगळे बरे ना. मी म्हटलं, बरे आहेत. तो आत गेला. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. त्याचं शेत कुंपणाच्या पलीकडे आहे, पण रेषेच्या अलीकडे. दुसरा मुलूख त्याच्याही शेतात नाही. तो त्याच्या शेताचा बांध ओलांडून पुढे, बऱ्याच पुढे सुरू होतो.

संध्याकाळी तो यायच्या आधीच मी त्याचं कार्ड काढून हातात धरून ठेवलं होतं.