पाण्यात दोनास एक

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं आणि मी लोणावळ्याच्या इंग्रजी शाळेत मॅट्रिकच्या वाटेवर होते. वर्गात मुलगी मी एकटीच. विज्ञान शिकवायला माझेच वडील, अण्णा. शाळा आमच्या परसाला लागून, त्यामुळे उशिराची कुठलीही सबब चालत नसे.

अण्णा रसायन शिकवायचे ते भाऊबंदकीची हकिगत सांगावी तसे. एका इंग्रज मास्तराने म्हणे शंभरेक वर्षांपूर्वी मांडलं, की सगळे पदार्थ अणूंचे आणि अणू ठरावीक प्रमाणातच एकत्र येतात. इथवर छान. पण पाण्यात कुठले अणू किती, हे कळायला त्याला मार्ग नव्हता. म्हणून त्याने आपलं सोपं धरलं: हायड्रोजनचा एक, ऑक्सिजनचा एक. मग एका फ्रेंच माणसाने वायू मोजून दाखवलं, की हायड्रोजन दुप्पट लागतो. मास्तर हटून बसला, म्हणाला तुझं मोजमापच चुकलंय. पुढे पन्नासेक वर्षं हा घोळ चालला.

"मोठा माणूस, पण चुकला," अण्णा म्हणायचे. "विज्ञानात कुणी वडीलधारं नसतं." मग पाण्यात विजेच्या तारा सोडायचे. पाणी फुटून एका नळीत हायड्रोजन, दुसरीतल्या ऑक्सिजनच्या दुप्पट जमायचा. मी डोळ्यांनी पाहिला होता.

त्याच वर्षी तळेगावचं स्थळ आलं. जमलं तर शाळा बंद, हे आईने आधीच सांगून टाकलं होतं. मुलाचे आजोबा निवृत्त हेडमास्तर. मला पाटावर बसवलं. स्वयंपाकाचं, भरतकामाचं विचारून झाल्यावर ते म्हणाले, "मुलगी विज्ञान शिकते म्हणे. सांग बरं, पाण्यात अणू कसे असतात?"

"दोनास एक. हायड्रोजनचे दोन."

ते हसले. "चुकलीस. एकास एक. लहानपणी पाठ केलंय आम्ही."

त्यांच्या लहानपणीच्या पुस्तकांत तसंच असायचं, हेही मला अण्णांनीच सांगितलेलं. मी निर्धास्तपणे मान वर केली. "अण्णा, दोनास एक ना?"

अण्णा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला नाही. "आजोबा म्हणतात ते बरोबर आहे. तू विसरलीस."

मला वाटलं, मी नीट ऐकलंच नाही. मुलीकडच्यांनी पडतं घ्यायचं असतं, हे का मला ठाऊक नव्हतं? मानपानात घ्यावं, देण्याघेण्यात घ्यावं. पण पाण्यातसुद्धा? मी आईकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच गप्प केलं.

"बरं," मी म्हणाले. तेवढ्यावर आजोबा खूश झाले. मुलगी शिकलेली असून उलट बोलत नाही, म्हणाले. लग्न तिथल्या तिथे ठरलं.

माझी शाळा सुटली. घरात लग्नाचे पापड लाटायला घेतले. एकदा मी परसात ते वाळत घालत होते आणि शाळेची खिडकी उघडी होती. आत पाण्यात तारा सोडल्या असाव्यात, कारण एकदम गलका झाला. मग अण्णांचा खणखणीत आवाज आला.

"मोजा! दोनास एक. आणि उद्या कुणी कितीही मोठा माणूस एकास एक म्हणाला, तर त्याला तोंडावर सांगा, तुम्ही चुकताय."

मी हातातला पापड तसाच धरून उभी राहिले. वर्गात आता सगळे मुलगेच होते.